आवाज होणार!

आमच्या घरी कोणीही गुपचूप काही करत नाही. दार लावायचं असेल तर आधी "दार लावतेय!" असं ओरडायचं. कपाटावरून डबा काढायचा तर "डबा!" हातातून काही निसटतंय असं वाटलं तर ते निसटायच्या आधी "आवाज होणार!" मग दादा असेल त्या खोलीतून उत्तर देतो, "ऐकलं!" त्याचं "ऐकलं" आल्याशिवाय पुढे काही करायचं नाही. शेजाऱ्यांना वाटतं, या घरात सगळे बहिरे आहेत. वाटू दे. कपडे शिवायला येतात माझ्याकडेच.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. सैन्यात वायरलेसवर होता. एका स्फोटात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला आणि त्याच स्फोटाने जाता जाता त्याच्या अंगात एक दचका ठेवून दिला. पाय नवा बसवून मिळाला. दचक्यावर गोळ्या आहेत, एक शहाणी डॉक्टरीणबाई आहे आणि आम्ही आहोत. डॉक्टरीणबाई त्याला युद्धाचा मानसिक आघात म्हणतात. आई नुसतं "त्याचं ते" म्हणते, जसा काही घरात मुक्काम ठोकून बसलेला हट्टी पाहुणाच! माझं शिलाई मशीन दिवसभर खडखडतं, त्याचं दादाला काही नाही. उलट त्याला झोप लागते. सांगून आलेला आवाज त्याला चालतो, न सांगता आलेला चालत नाही.

आईचं म्हणणं होतं, त्याने घरालगतच्या माझ्या दुकानात बसावं. तो एक दिवस बसलाही. संध्याकाळी मीच त्याच्यापुढे हात जोडले. गिऱ्हाइकांशी तो वायरलेसवर बोलल्यासारखा बोलायचा. "बाही आखूड. पुन्हा सांगतो, बाही आखूड." एक बाई घाबरून पैसे आधीच देऊन गेली, पण असं किती दिवस चालणार?

खरं सांगायचं तर त्याला वर्दी हवी होती. लोकांच्या उपयोगी पडायची सवय लागलेला माणूस तो, रिकामा बसला की वाळत जायचा. आधी तुरुंगाच्या रक्षकाच्या जागेसाठी गेला. तिथलं लोखंडी फाटक त्याच्या मागे धाडकन आपटलं आणि मुलाखत सुरू व्हायच्या आत दादा जमिनीवर पालथा. "कळवतो," म्हणाले. अजून कळवतायत!

मग पोलिसांच्या कंट्रोल रूममध्ये जागा निघाल्या. लोक संकटात फोन करतात ना, तो उचलायचा, नीट माहिती काढायची आणि जवळची गाडी पाठवायची. माजी सैनिकांसाठी काही जागा राखीव, पाय नसला तरी चालणार होतं. पण वयाच्या अटीत दादा यंदाच बसत होता. यंदा नाही तर कधीच नाही.

घरात तयारी सुरू झाली. दादा बाहेरच्या खोलीत, आई स्वयंपाकघरात फोन घेऊन. आईच्या अंगात इतकी नाटकं असतील असं कोणाला वाटलं नव्हतं. तिने आमच्या घरात चोर घातले, गच्चीला आग लावली, मला जिन्यावरून पाडलं. एकदा तर इतकं खरं रडली की समोरचे गृहस्थ काठी घेऊन धावत आले. दादा मात्र शांत. "ताई, घाबरू नका. पत्ता पुन्हा सांगा." आई फोन ठेवून म्हणायची, "मेल्याने मला ताई केलं!" आणि आम्ही हसून हसून लोळायचो.

परीक्षेच्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेले. कचेरीच्या व्हरांड्यात मधोमध खुर्च्यांच्या रांगा मोकळ्या पडल्या होत्या आणि सगळे माजी सैनिक भिंतीच्या बाकावर एकमेकांच्या मांडीला मांडी लावून, दाराकडे तोंड करून बसलेले. दादा आला तसे सगळे न बोलता थोडे सरकले. शिपाई सांगून दमला, "अहो, तिकडे बसा ना ऐसपैस." एकही जण हलला नाही.

उकाड्यामुळे परीक्षेच्या खोलीचं दार उघडं ठेवलं होतं. आत कंट्रोल रूमच्या प्रमुख मॅडम आणि त्यांच्या शेजारी नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवलेले एक साहेब. पलीकडच्या खोलीतून एक हवालदारीणबाई खोटे फोन करणार होत्या. दादाने हेडफोन घातला आणि पहिला फोन घेतला. त्याच्या प्रश्नांवरून कळलं, घरात कोणीतरी शिरलंय, बाई कपाटात लपलीय. आमच्या आईचा आवडता प्रसंग! मी निवांत झाले.

तेवढ्यात दोन हमाल लोखंडी खुर्च्यांची थप्पी ढकलत आले. वरची खुर्ची घसरताना मला दिसली आणि मी विचार न करता ओरडले, "आवाज होणार!"

"ऐकलं!" आतून दादा म्हणाला. खुर्ची दाणकन आदळली. सगळा व्हरांडा दचकला, दादा सोडून. "हळू बोला ताई, मी ऐकतोय," तो त्या कपाटातल्या बाईला सांगत होता.

चष्मेवाले साहेब ताडकन उठले. "हा काय संकेत? बाहेरून उत्तरं पुरवता?" मला आत बोलावलं.

"साहेब, मी शिवणकाम करते," मी म्हणाले. रागाने माझा आवाज चढला होता. "तुमच्या परीक्षेतलं मला ओ की ठो कळत नाही. आमच्या घरची रीत आहे ती."

मग सगळं सांगावं लागलं. सांगताना मला कळत होतं की मी माझ्याच तोंडाने दादाची नोकरी घालवतेय. साहेबांनी ऐकून घेतलं आणि दादाला विचारलं, "इथे दिवसभर दारं आपटतात. इथे तुमच्यासाठी कोण ओरडणार?"

दादा उभा राहिला. "कोणी नाही ओरडलं तर मी टेबलाखाली जाईन, साहेब. पण हेडफोन घालून जाईन."

बाहेर बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. "दुसरा फोन द्या," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही इथेच बसा. आता तोंड उघडलंत तर परीक्षा रद्द."

दुसरा फोन सुरू झाला. एका मुलीचे आजोबा घरातून निघून गेलेत, त्यांना काही आठवत नाही. दादा विचारत होता आणि टाइप करत होता. दारातून मला ते हमाल दिसत होते. त्यांनी खुर्च्या पुन्हा रचल्या होत्या, पहिल्यापेक्षा वाईट. थप्पी झुकली. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. माझ्या अख्ख्या जन्मात मी इतकी गप्प बसले नसेन.

या वेळी सगळी थप्पीच कोसळली.

दादा खुर्चीवर नव्हता. टेबलाखालून फक्त त्याचा नवा पाय बाहेर आलेला दिसत होता. आणि मग खालून आवाज आला, तोच, संथ.

"ताई, मी ऐकतोय. आजोबांच्या अंगात कुठल्या रंगाचा सदरा आहे?"

मग एक हात वर आला, चाचपडत कीबोर्डपर्यंत पोचला आणि त्याला खाली घेऊन गेला. खालून टकटक सुरू झाली. आजोबा बागेजवळ सापडले तेव्हाच ती थांबली.

पलीकडच्या हवालदारीणबाई हसत हसत आत आल्या. "मॅडम, हा चांगला आहे हो! घाई नाही, गडबड नाही. मला खरंच धीर आला. पण गेला कुठे?"

"इथे," टेबल म्हणालं.

मॅडम खाली वाकल्या. "बाहेर येताय, का मी आत येऊ?"

"थोडं थांबा, मॅडम. हात थरथरतायत."

त्या थांबल्या. गणवेशात, सरळ फरशीवर मांडी घालून बसल्या. चष्मेवाले साहेब चष्मा पुसत स्वतःशीच म्हणाले, "आवाज बदललाच नाही याचा."

दादाची निवड झाली. आईने ती बातमी फोन करून सगळ्या नातेवाइकांना सांगितली, तेही रडत, त्यामुळे अर्ध्या लोकांना वाटलं काहीतरी वाईट झालंय. वर्दी मी शिवली. डाव्या पायाच्या बाजूने चेन लावली, म्हणजे पाय काढता-घालताना त्रास नको. इतकी सरळ शिलाई मी कधी घातली नव्हती.

दुसरी पँट तयार झाली तशी मी ती घेऊन कंट्रोल रूममध्ये गेले. मोठी खोली, ओळीने माणसं, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन. दादा कोपऱ्यात, पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. मॅडमनी लोखंडी कपाटाला हात घातला आणि मोठ्याने म्हणाल्या, "कपाट!"

"ऐकलं!" कोणी मानही वर न करता अख्खी खोली म्हणाली. सगळ्यांत मोठा आवाज चष्मेवाल्या साहेबांचा.

मला रडू आलं. मला रडणं अजिबात आवडत नाही, म्हणून मी पँट दादाच्या टेबलावर टाकली आणि तडक निघाले. दार ओढायला हात लावला तोच साहेब खेकसले, "अहो बाई! काही रीतभात?"

घाईत विसरलेच होते मी. मी, जिने ती रीत घालून दिली!

"दार लावतेय!" मी ओरडले.

"ऐकलं!" सगळे म्हणाले, आणि त्यात मला दादाचा आवाज वेगळा ओळखू आला. तो हसत होता.

मग मी दार लावलं.