उतरलेलं तोंड

साक्रीकडच्या त्या खेड्यात भागाबाईची विचारपूस करणारी शेजारची मंजुळाबाई तेवढी उरली होती. एकुलता एक मुलगा हिलाल जळगावला डाळमिलीत. चैत्रापासून भागाबाईची कानशिलं ठणकू लागली. फणी लावली तरी जीव जाई, भाकरी चावता चावता जबडा थके. म्हातारपणच ते, असं म्हणून तिने अंगावर काढलं. मग एका सकाळी उजव्या डोळ्याने दिसायचंच बंद झालं.

देवपूरच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "रक्तवाहिन्यांना सूज आली आहे, आजी. ती डोळ्यापर्यंत गेली. उजवा गेला तो गेला. डावा राखायचा तर ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही. तिने तोंड सुजेल, घाबरू नका."

तोंड खरंच सुजलं. पण सूज आणि बाळसं यांतला फरक गावाला कोण समजावणार? मंजुळाबाई लेकीकडे जळगावला गेली, ती हिलालला सांगून आली, "तुनी माय मस्त दिखस रे, गाल कसा भरी उनात!" झालं! हिलालचं पत्र आलं : तुझी तब्येत सुधारली, ऐकून बरं वाटलं. यंदा श्रावणात कानबाईच्या सणाला येणं होत नाही, रजा नाही.

कानबाईच्या रोटाच्या नैवेद्यासाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मुठीने गहू काढतात. भागाबाईच्या घरात नाव एकच, आणि तोच येणार नव्हता. त्या दिवशी ती पोटभर रडली. मग हट्टाला पेटली. तोंड उतरलं की पोरगा येईल, असा साधा हिशोब तिने केला आणि गोळ्यांची बाटली ज्वारीच्या कोठीत खुपसली. कानशिलं पुन्हा ठणकू लागली तेव्हा तिला उलट हुरूप आला. तीन-चार आठवड्यांत गाल बसले. "भागाबाईचं काही खरं नाही," हा निरोपही मंजुळाबाईनेच धाडला.

कानबाईच्या रविवारी ती उठली, तर डाव्या डोळ्यापुढेही काही नव्हतं. कुणाला न सांगता ती चाचपडत उंबऱ्यात येऊन बसली. दुपारी ओळखीची पावलं वाजली.

"माय! तोंड कितलं सुकाई गये तुनं!"

हेच ऐकायचं होतं तिला. तिने आवाजाच्या रोखाने हात पुढे केला, त्याचा गाल चाचपला.

"आनि तुनं कसं शे रे भाऊ?" ती म्हणाली. "सांग ना माले."