तांबडी चिंधी

"पाणी कुणी सोडलं?"

बद्रीनाथ बागेच्या तोंडाशी उभे होते. त्यांच्या वहाणा चिखलानं भरल्या होत्या. पौष महिन्यात मोसंबीच्या बागेत चिखल, हे त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

बाग ताणावर होती. नात सोनियानं आठवड्यापूर्वीच त्यांना विचारलं होतं, "आबा, झाडं तहानलीत. पाणी का देत नाय?" आबांनी तिला झाडाखाली बसवून वळलेलं पान हातात दिलं होतं. "बघ, कसं मलूल झालंय. आत्ता झाड नवी पालवी काढत नाय, जीव धरून बसलंय. सव्वा महिना असं ठेवायचं. मग पाणी दिलं की सगळी झाडं एकदम फुलतात."

"आणि मधीच दिलं तर?"

"तर झाड नुसती पानं काढतं. फूल नाय, फळ नाय. वरीस गेलं."

ताणाच्या पहिल्या दिवशी त्यांनी दोन्ही लेकांना अंगणात उभं करून सांगितलं होतं, "जो ताण मोडील, त्यानं पुन्हा या बागेत पाय ठेवायचा नाय." पैठण रस्त्यावरच्या त्या गावात बद्रीनाथांचा शब्द घराबाहेरही पाळला जाई.

आता विहिरीकडच्या दोन ओळी, चाळीस झाडं, भिजली होती.

थोरला सुदर्शन पुढे आला. धाकट्या सोमनाथशी तो दोन वर्षं बोलत नव्हता. चुली वेगळ्या झाल्या होत्या, पण शेती एकत्र होती. काही सांगायचं झालं की दोघं सोनियाला मध्ये घालत. आताही सोमनाथ पाच हातांवर उभा होता, तरी सुदर्शन शाळेला सुटी म्हणून बागेत आलेल्या पोरीकडे वळला.

"सोनिया, तुझ्या बापाला विचार, काल सकाळी मोटर कुणी लावली होती."

सोमनाथ चितेगावच्या कंपनीतून रात्रपाळी करून नुकताच आला होता. अंगात कंपनीचा निळा शर्ट तसाच होता. "सांग मोठ्या पप्पांना, मी कामावरून यायचाच होतो."

"मी लावली," सुरेखा म्हणाली.

ती सोमनाथची बायको. या बागेचे खड्डे तिनं भरले होते. नऊ वर्षं छाटणी तिची, झाडांभोवतीची आळी तिची, डिंक्या लागलेल्या खोडांना मलम तिचं. सोमनाथ कंपनीत आणि सुदर्शन ट्रॅक्टरवर. बाग म्हणाल तर सुरेखाच.

"ऐकलं का बाबा?" सुदर्शन म्हणाला. "स्वतःच्या तोंडानं सांगतीय."

"गव्हाला लावली, दादा. तांबड्या चिंधीचा कॉक उघडला, सोनियाला शाळेत सोडलं आणि घरी भाकरी टाकाया बसले. दुपारी आले तर लाइट गेलेली, म्हणून विहिरीवरूनच माघारी फिरले."

विहिरीवर दोन कॉक होते. एकातून गव्हाला पाणी जाई, दुसऱ्यातून बागेला. चूक होऊ नये म्हणून गव्हाच्या कॉकला सासू सरूबाईंच्या जुन्या लुगड्याची तांबडी चिंधी बांधलेली होती.

चिंधीचं नाव निघालं तसा सुदर्शनचा हात कपाळाकडे गेला आणि अर्ध्यातूनच खाली आला. सुरेखानं ते पाहिलं. तो लगेच जोरात म्हणाला, "गहू कोरडा ठाक पडलाय आणि बाग भिजली! पाणी काय हवेतून गेलं? हिला पहिल्यापासून वाटतं, बाग आपल्या एकटीची. आता बसा पानं मोजत."

"मोटर चालू करून बघू ना, पाणी कुठं जातंय ते," सोमनाथ म्हणाला, कुणाकडेच न बघता.

"हां, अजून पाणी सोड बागेत!" बद्रीनाथ ओरडले. मग सुनेकडे न बघता त्यांनी आवाज खाली आणला. "सुरेखा, शब्द दिलाय मी. तू उद्यापासून बागेत येऊ नको."

सरूबाई म्हणाल्या, "अहो, जरा दमानं."

"मी काय वेगळं बोललो? सगळ्यांपुढं बोललो होतो."

सुरेखा रडली नाही. "मामा, उद्यापासून ना? मग आजचा दिवस माझा हाय." तिनं बांधावरचा टिकाव उचलला आणि विहिरीकडे चालू लागली.

"काय करतीय ती?" सुदर्शननं विचारलं.

दोन्ही कॉकच्या खालून पाइप जमिनीत शिरत होते. तिथंच तिनं उकरायला सुरुवात केली. माती भुसभुशीत निघत होती. हातभर खोल गेल्यावर तिनं टिकाव टाकला आणि बोटांनी माती सारली. दोन पाइप एकमेकांवरून आडवे गेले होते. चारी सांधे नवे होते. चिकटवायच्या सोल्युशनचा वास अजून जात नव्हता.

"मामा, या इकडं. तांबड्या चिंधीचा पाइप बघा कुठं चाललाय."

बद्रीनाथ वाकले. पाइप बागेकडे गेला होता. त्यांनी नव्या सांध्यावरून बोट फिरवलं.

"कुणी केलं हे?"

सुदर्शन जमिनीकडे बघत म्हणाला, "बागेचा कॉक ठिबकत होता. चार दिवस झाले. ताणात थेंब थेंब पाणी जायला लागलं तर? म्हणून बागेला घट्ट कॉक दिला अन् गळका गव्हाला. बागेसाठीच केलं, बाबा."

"काम चांगलं केलं. चिंधी का नाय बदलली?"

"राहिली."

"आणि सांगितलं का नाय?"

"कुणापाशी सांगणार? सोनिया शाळंत होती."

मग सोमनाथ हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "सोनिया, तुझ्या मोठ्या पप्पांना म्हणाव, शाळा पाच वाजता सुटते."

"आत्ता कळलं तुम्हाला, व्हय ना दादा?" सुरेखा म्हणाली. "मी चिंधी म्हणाले तवाच कळलं. तरी मला बागेतून काढू दिलं."

सुदर्शन खाली वाकून पाइपावरची माती झाडू लागला.

"मग आता तुमचा शब्द कुणाला लागतो?" सरूबाईंनी नवऱ्याला विचारलं.

बद्रीनाथांना दोन्ही लेकांची तोंडं बघवेनात. शेवटी ते सुनेला म्हणाले, "तूच सांग."

"कुणाला काढू नका. बाग वाळवायची हाय. चाळीसही आळी आज उकरून उन्हं दाखवली तर ताण सावरंल. मला एकटीला होणार नाय." ती सुदर्शनकडे वळली. "माफ केलं म्हणून नाय सांगत, दादा. हात पाहिजेत म्हणून सांगते."

दुपारी दोघं भाऊ एकाच ओळीच्या दोन टोकांना कुदळ मारत होते. मधली झाडं संपत आली, दोघं जवळ आले, तशी दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवली. सोनिया बांधावर पाण्याची कळशी घेऊन बसली होती.

"सोनिया, त्याला सांग, कुदळ हळू मार म्हणाव. मुळ्या तुटतात," सोमनाथ म्हणाला.

"तुझ्या बापाला सांग, मला शिकवू नको म्हणाव."

सोनिया सवयीनं उठली. सुरेखानं मातीच्या हातानंच तिचा हात धरला आणि तिला खाली बसवलं.

"बस. दोघांनाबी ऐकू येतंय."

दोन्ही कुदळी थांबल्या.

"हळू मार," सोमनाथ म्हणाला.

"मारतोय," सुदर्शन खेकसला. पण पुढचा घाव त्यानं मुळी सोडून मारला.