चाळीस मायक्रॉन

महांतप्पानं पंपाचा शाफ्ट, म्हणजे आतला फिरणारा दांडा, टेबलावर ठेवला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. वस्तीला पाणी देणाऱ्या या पंपाचं बेअरिंग महिन्यात तिसऱ्यांदा जळालं होतं, आणि पंप चालवणारा म्हणून लोक त्यालाच धारेवर धरत होते.

भूम गावातल्या या वर्कशॉपचे मालक गुरुसिद्धप्पा, सगळ्यांचे अप्पा. त्यांनी जाडी मोजायला आपला जुना व्हर्नियर लावला. "चाळीस मिली. बरोबर हाय. बेअरिंगच हलकी येतात आजकाल."

प्रतीक्षा लोखंड कातायचं लेथ थांबवून आली. मेंढपाळाची ही लेक आयटीआय करून दोन वर्षांपासून इथं टर्नर होती. पण बोल्ट-बुशांच्या किरकोळ कामापलीकडं काही तिच्या हाती कधी आलं नव्हतं. तिनं पेटीतून व्हर्नियरहून बारीक मोजणारा मायक्रोमीटर काढला, तीन ठिकाणी लावला.

"अप्पा, चाळीस मायक्रॉन कमी हाय."

"म्हंजी किती?" महांतप्पानं विचारलं.

"मायक्रो म्हंजी दहा लाखावा भाग. मीटरचे दहा लाख तुकडे करा, त्यातला एक म्हंजी मायक्रॉन." तिनं वेणीतला एक केस उपटून मायक्रोमीटरमध्ये धरला. "माझा केस सत्तर भरतोय. ही झीज त्याच्याहून बारीक."

गुरुसिद्धप्पा हसले. "आन् तेवढ्यानं बेअरिंग जळतंय व्हय?"

"जळतंय. ते शाफ्टला आवळून बसत न्हाय, त्याच्यावरच घसरतं आन् तापतं. नवा शाफ्ट मी करते. चाळीस मिलीच्या वर दहा मायक्रॉन ठेवते."

अप्पांनी व्हर्नियर खाली ठेवला. "कर."

दुपारी शेवटचा पॉलिश पेपर फिरला. अप्पा मोजायला सरसावले, तिनं अडवलं. "लोखंड गरम हाय, फुगलेलं हाय. निवू द्या."

अर्ध्या तासानं तिनं मोजलं. बरोबर दहा वर. अप्पांनी स्वतः मोजलं, दोनदा.

जुन्या शाफ्टवर बेअरिंग बोटानं सरकायचं. या शाफ्टवर चढेचना. तेलात तापवून चढवलं, आणि निवल्यावर ते असं आवळलं की महांतप्पानं जोर लावूनही हललं नाही.

संध्याकाळी वस्तीवर पंप सुरू झाला. प्रतीक्षा बेअरिंगवर तळहात ठेवून बसली. एक तास झाला, दोन झाले. हाताला नुसतं कोमट लागत होतं. टाकी भरली, नळ सुटले, आणि बायका घागरी तशाच ठेवून प्रतीक्षाला बघायला पंपाशी आल्या.

दोन महिने झाले, बेअरिंग बदलावं लागलं नाही. परवा एक गिऱ्हाईक पाण्याची मोटार घेऊन आलं, तेव्हा अप्पांनी बसल्या जागेवरून लेथकडं बोट केलं.

"मापाचं काम हाय न्हवं? मग प्रतीक्षाबाईंना विचारा. त्या म्हणतील ते."