ताहेराबीचा कान

"क्या बोलरी?" खाजामियाँने कपडे धुण्याच्या मशिनीकडे बोट करून बायकोला विचारले.

ताहेराबी झाकणावर तळहात ठेवून, मान तिरकी करून उभी होती. बाळंतिणीच्या खोलीत सुईण उभी राहते तशी. तिने खाजामियाँला उत्तर दिले नाही. तिने मशिनीच्या मालकाला विचारले, "भाऊ, तुमाला कसा ऐकू येतो?"

मालक म्हणजे भीमाशंकर आडते. मुरुमच्या बाजारात तूर-उडदाचे लिलाव पुकारून त्याचा गळा तयार झालेला होता. एवढ्या मानाने आजवर त्याला कुणी काही विचारले नव्हते. त्याने धोतर सावरले आणि आवाज काढला. "घर्रर्र... खट्. घर्रर्र... खट्. आन् मधी मधी एक शिट्टी."

"शिट्टी कुकरची हाय ती," स्वयंपाकघरातून त्याची बायको म्हणाली.

"मग शिट्टी सोडा. घर्रर्र खट् धरा."

ताहेराबीने मान डोलावली आणि नवऱ्याच्या डाव्या कानाशी जाऊन गल्लीला ऐकू जाईल एवढ्या हळू सांगितले, "पट्टा ढीला होगया! कोई नई चप्पल घसीटे वैसा बजरा."

खाजामियाँने मागचे पत्र्याचे झाकण उघडले. पट्टा सैलच होता. त्याने तो ताणून बसवला, बोल्ट आवळले, आणि भीमाशंकर चहाच्या वेळी अजून एकदा आवाज काढून दाखवणार हे ओळखून पिशवी उचलली.

मुरुमला नळाला पाणी आठवड्यातून एकदा येते. कधी येते ते नळालाही ठाऊक नसते. पण आले की गावातल्या सगळ्या मशिनी एकाच सकाळी फिरू लागतात आणि एकाच सकाळी बिघडतात. आठवडाभर खाजामियाँला कुणी हाक मारत नसे. पाण्याच्या दिवशी मात्र त्याच्याइतका मोठा माणूस गावात नसे. दुपारपर्यंत गुडघे सुजत आणि मोठेपण उतरे.

त्याच्या कानांची गोष्ट अशी, की त्याची उमेदीची सगळी वर्षे डाळमिलमध्ये फिटर म्हणून गेली. तिथल्या चाळण्यांच्या खडखडाटात माणसे हातवारे करून बोलत आणि ओठ बघून ऐकत. मिल बंद पडली तेव्हा मालकाने सगळ्यांना नारळ दिला. खाजामियाँला नारळ आणि बहिरेपण, दोन्ही मिळाले. सुरुवातीला बारीक आवाज गेले, मग मोठे. हैदराबादेत नोकरी करणाऱ्या मुलाने कानात घालायचे यंत्र पाठवले. ते कानात घातले की तेच कुंईं करून ओरडे. मशिनी दुरुस्त करायला स्वतःच्या कानात एक बिघडलेली मशीन बाळगणे खाजामियाँला पटले नाही. ते यंत्र आता कपाटात, अत्तराच्या बाटल्यांशेजारी गप्प असते.

पण बहिरा मेकॅनिक म्हणजे आंधळा सोनार. लोकांना कळले असते तर हाक आलीच नसती. म्हणून तो ताहेराबीला बरोबर नेऊ लागला. सांगायला कारण चांगले होते: पुरुष कामावर जातात, घरात बायाबापड्या एकट्या असतात, परक्या माणसाने आत जाणे बरे दिसत नाही. गाव खूश झाले. शेजारच्या हाफिजने तर चारचौघांत त्याचे उदाहरण दिले, की अदब शिकावी ती खाजामियाँकडून. खाजामियाँने ते ओठांवरून वाचले आणि नम्रपणे मान खाली घातली. फुकट मिळालेला मान परत करण्याइतका तो सधन नव्हता.

ताहेराबीने हे काम फार लवकर उचलले. बेरिंग गेले की ती म्हणे, जात्यात खडा आलाय. गिअर घासला की म्हणे, तुमचे मोठे भाईजान घोरतायत. मशिनीचे पाय सैल झाले की म्हणे, वरात आली. खाजामियाँ तेवढ्यावर पाना उचले. घरात तिचे न ऐकणारा हा माणूस परक्यांच्या न्हाणीघरात मात्र तिच्या शब्दाबाहेर जात नसे. तिने सांगावे आणि त्याने उघडावे, असा त्यांचा संसार म्हातारपणी सुरळीत सुरू झाला होता. हे काम सुटले तर घरी दोघांनी समोरासमोर बसून करायचे काय, हा प्रश्न त्याला अधूनमधून पडे. मग तो घाईघाईने पाने पुसायला घेई.

भीमाशंकरनंतर आणखी दोन घरे झाली. ऊन चढले. शेवटचे घर राहिले लक्ष्मम्माचे, आळूर रस्त्याच्या नव्या वस्तीतले. लक्ष्मम्मा वयाने दोघांपेक्षा मोठी. मुलगा-सून सकाळीच उमरग्याला कामावर जात, मागे ही एकटी.

दार उघडेच होते. समोरच्या खोलीत लक्ष्मम्मा लिंगपूजेला बसली होती. कपाळभर विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग, नजर त्याच्यावर. पूजा चालू असताना ती बोलत नसे. घराला आग लागली तरी आधी मंत्र संपवील अशी तिची ख्याती. पावलांची चाहूल लागली तशी तिने नजर न हलवता उजवा हात उचलून मागच्या पडवीकडे दाखवले. मग तोच हात कानाशी नेला आणि बोटे हवेत भराभरा हलवली.

"कळालं आक्का," ताहेराबी म्हणाली. "तुमचं चालू द्या."

मागच्या पडवीत मशीन बादल्यांनी भरून, कपडे घालून तयार होती. खाजामियाँने बटण फिरवले. पाणी घुसळू लागले. ताहेराबीने झाकणावर तळहात ठेवला, मान तिरकी केली.

"क्या बोलरी?"

ताहेराबीने मागे वळून पाहिले. तिथे विचारायला कुणी नव्हते. दाराच्या चौकटीतून लक्ष्मम्माची पाठ तेवढी दिसत होती. ताहेराबीने पुन्हा झाकणावर हात ठेवला, या वेळी दोन्ही.

"क्या बोलरी, ताहेरा?"

"बेरिंग," ती म्हणाली. मग त्याच्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाली, "बेरिंग गया! जात्यात खडा आला वैसा."

खाजामियाँने सुस्कारा टाकला. बेरिंग म्हणजे आख्खी मशीन खोलणे, वरून गुडघे. त्याने पाणी सोडले, कपडे उपसून बादलीत टाकले आणि टबात डोके घातले. बेरिंगपर्यंत जायचे तर आधी तळातली प्लास्टिकची चकती काढायची. बोअरच्या पाण्याने तिचा स्क्रू क्षार धरून पांढरा झाला होता. त्याने घासलेट सोडले, ठोकले, पुन्हा सोडले. लग्न झालेली लेक माहेरून निघायला जेवढा वेळ लावते तेवढा वेळ लावून स्क्रू सुटला.

चकती उचलली तर खाली घुंगरू. चांदीचे, हरभऱ्याएवढे, पैंजणातून निसटलेले. लक्ष्मम्माची नात शिवप्रिया सुट्टीला येऊन गेली होती, तिचेच असणार.

त्याने ते उचलून सवयीने कानाजवळ हलवले. काही नाही. त्याच्या कानात काही न वाजणे ही बातमी नव्हती. त्याने गिअरचा दांडा हाताने फिरवून बघितला. लोण्यासारखा फिरत होता. बेरिंग ठणठणीत.

मग त्याने वर पाहिले.

ताहेराबी त्याच्या चिमटीतल्या घुंगराकडे बघत होती. तिने हात पुढे करून ते घेतले, हलवले. कानाजवळ नेऊन हलवले. पदर सारून, दुसऱ्या कानाजवळ नेऊन हलवले.

"ये बजरा था क्या?" तिने विचारले.

खाजामियाँ टबाच्या काठाला धरून उभा राहिला. त्याला भीमाशंकरचा घर्रर्र खट् आठवला. त्यानंतरच्या घरची मास्तरीण आठवली, तीही आवाज काढून दाखवत होती. भाऊ, तुमाला कसा ऐकू येतो. बाई, तुमाला कसा वाटतो. गेले कित्येक दिवस ती आधी लोकांना विचारते, हे त्याने पाहिले होते. त्याला वाटले होते, बायकोची जबान गोड झाली.

"कबसे?"

"रमजानके पैलेसे." ती घुंगराकडेच बघत होती. "पहले चिडियाँ गए. फिर घड्याळ."

"बोली नै."

"बोलती तो तुम घरमें बैठते." तिने घुंगरू मुठीत मिटले. "मशिनीकू बिमाऱ्या चारच. लोगाँ आपनच बोलके दिखाते. निभ जाता."

हे सगळे बोलणे ते दोघे अगदी खाजगीत, म्हणजे आळूर रस्त्यापर्यंत जाईल एवढ्या आवाजात करत होते.

 खाजामियाँला रागवायचे होते, पण रागवायला त्याच्याकडे एकच मुद्दा होता, बहिरेपण लपवल्याचा, आणि ते त्यानेही लपवले होते. त्याने चकती पुसली, जागेवर बसवली, स्क्रू आवळला.  मग घासलेटच्या चिंधीने हात पुसत राहिला.

मागे सावली पडली. लक्ष्मम्मा पूजा आटोपून, हातात चहाचे दोन कप घेऊन उभी होती. ती त्यांच्या समोर येऊन, दोघांना ओठ दिसतील अशी थांबली आणि मगच बोलली.

"घुंगरू व्हय? पोरगी फोनवर रडायलीय त्याच्यापायी. मशीन लावली की छुन् छुन् वाजायचं. म्हणून तर बोटं हालवून दावली म्या."

ताहेराबीने मान खाली घातली. खाजामियाँने चहाचा कप घेतला आणि सांगितले, "व्हय आक्का. हिनं आल्या आल्या सांगितलं, काहीतरी बारीक वाजतंय म्हणून. कान लई तिखट हाय तिचा."

लक्ष्मम्माने त्याच्याकडे पाहिले. मग ताहेराबीकडे पाहिले. तिच्या कपाळावरच्या विभूतीच्या रेषा हलल्या नाहीत.

"व्हय की," ती म्हणाली. "ऐकलं म्या. आमचा शिवसुद्धा ऐकला असंल." तिने घुंगरू घेऊन पदराच्या टोकाला गाठ मारली. "पुढच्या पाण्याला परत येऊन जावा. दोघंबी."

"आता काय व्हत न्हाय मशिनीला, आक्का."

"न्हाय कसं? जुनी मशीन हाय. बघायला कुणीतरी लागतंय." आणि ताहेराबीच्या हातात कप देत म्हणाली, "तुमी नुसता हात ठेवा झाकणावर. मी सांगते काय वाजतंय ते."

ताहेराबीने बशीत चहा ओतला. बशी कपावर वाजली असावी. तिघांतल्या एकीला ऐकू आली.

निघताना खाजामियाँने स्कूटर सुरू केली, ताहेराबी मागे बसली, आणि तो रस्त्याच्या तोंडाशी थांबला. आळूर रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर येतात, टमटम येतात, आणि मागून कोण येतेय ते आजवर ताहेराबी त्याच्या खांद्यावर थाप मारून सांगे. उजव्या खांद्यावर थाप म्हणजे येऊ दे, डाव्यावर म्हणजे बाजूला घे. रमजानच्या आधीपासून त्या खांद्यावर कशाच्या भरवशावर थापा पडत होत्या, हे त्याने आता विचारले नाही. त्याने स्कूटर बंद केली.

"क्या हुआ? पेट्रोल?"

"चलते थोडा."

"धुपमें?"

"चलते," तो म्हणाला.

ती उतरली. त्याने तिला मातीच्या कडेला घेतले, स्वतः डांबराकडच्या बाजूला झाला आणि स्कूटर ढकलू लागला. हत्यारांची पिशवी तिने घेतली. दोघे समोर बघत चालले. बोलायचे तर थांबावे लागते, तोंडाकडे बघावे लागते. आणि ऊन फार होते.

त्यांच्या मागे कांद्याचा एक टेम्पो आला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मग लांब वाजवला. मग हात हॉर्नवरून काढलाच नाही. बाभळीवरचे दोन कावळे उडाले. खाजामियाँ आणि ताहेराबी आपल्या चालीने चालत राहिले. शेवटी टेम्पोने वेग घेतला, उजवीकडून जवळजवळ घासून पुढे गेला, आणि ड्रायव्हरने खिडकीतून डोके बाहेर काढून, लाल डोळ्यांनी, हात नाचवत त्यांना खूप काही सांगितले.

गावात ओळखी पुष्कळ. खाजामियाँने स्कूटरवरचा एक हात काढून त्याला सलाम केला. ताहेराबीनेही पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि सलाम केला.