ओलेनाबाईंच्या तेलविहिरीचा मीटर

मी मीटर बोलतोय. रिक्षातला नव्हे, घरातल्या विजेचाही नव्हे. कॅनडातल्या सस्काटूनपासून दोन तासांवर, गव्हाच्या शेतात, तेलाच्या नळीवर बसवलेला. आधीच सांगून ठेवतो, मला सूड हवा होता आणि तो मला मिळाला. त्याची मला लाज वाटत नाही.

माझं काम एकच. ओलेना कोवाल या म्हाताऱ्या बाईंच्या जमिनीखालून निघणारं तेल मोजायचं. शेजारची जमीन तेल कंपनीची. दोन्ही विहिरींचं तेल पुढे एकाच टाकीत जातं. एकदा मिसळलं की कुणाचं किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणून सरकारचा नियम आहे : दोन मालकांचं तेल एकत्र करायचं तर आधी मोजा, मग मिसळा. मला वळसा घालून जाणारी एक नळी होती, पण ती फक्त दुरुस्तीपुरती. तिच्या दांड्याला सरकारी सील होतं.

माझी देखभाल कंपनीचा जेराल्ड करायचा. वसईचा माणूस, वीस वर्षं कॅनडात. माझ्यावरचा बर्फ हाताने पुसायचा, बायकोशी फोनवर मराठीत बोलायचा. मी मराठी त्याच्याकडूनच शिकलो. मी त्याला आपला समजत होतो.

मार्चमध्ये एका सकाळी त्याने पक्कड काढली, सील तोडलं आणि तो दांडा उघडला. "वरून सांगितलंय. मी काय करू?" एवढंच पुटपुटला.

तेव्हापासून बहुतेक तेल माझ्या पाठीमागून जाऊ लागलं. माझ्या पोटात येईल तेवढं मी इमानाने मोजत राहिलो आणि माझ्या इमानाचाच खोटा साक्षीदार झाला. टाकीतलं बाकी सगळं कंपनीच्या विहिरीच्या नावावर चढलं.

ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे पाम संडेला, तर कहर झाला. वसईला घराच्या दाराला लावतात, तसा चर्चमधल्या हिरव्या झावळीचा क्रूस करून जेराल्डने आणला आणि तो उघडा दांडा आणि नळी एकत्र आवळून त्यांवर घट्ट बांधला. "सांभाळ रे बाबा. विंटरमध्ये काही बिघडू देऊ नको." चोरीच्या दारावर देवाचा पहारा! मला तळपाय नाहीत. असते तर त्यांची आग मस्तकात गेली असती.

ऑक्टोबरच्या शेवटी कंपनीचा साहेब ओलेनाबाईंना घेऊन माझ्यापाशी आला.

"तुमची विहीर आटली. जमिनीखालचे हक्क आम्हाला विकून टाका, शुक्रवारी सही करा," म्हणाला आणि माझ्या डोक्यावर थाप मारली. "हा मीटरच सांगतोय ना."

बाई विहिरीवर वरखाली होणाऱ्या पंपाकडे बघत होत्या. "आटली, तर हा दिवसभर कसला मान डोलावतोय?"

बाईंनी घरी जाऊन सरकारी कचेरीत फोन लावला.

गुरुवारी सकाळी तपासणीची गाडी रस्त्यावरून वळताना दिसली तसा जेराल्ड पळत आला. दांडा बंद करायला हात घातला आणि थबकला. दांडा फिरवला की क्रूस मोडणार. आशीर्वाद घेतलेली झावळी मोडत नाहीत, फेकत नाहीत. पुढच्या वर्षी उपवासकाळाच्या सुरुवातीला, राखेच्या बुधवारी, जाळायला चर्चमध्ये परत देतात. जाड हातमोज्यांनी तो गाठ सोडवत बसला. सात महिन्यांत तिचं लाकूड झालं होतं. सोड की आता, मी मनात म्हणत होतो. सोड, बघू.

गाडीतून सेलीन उतरली. सरकारी निरीक्षक, वयाने त्याच्या मुलीएवढी. क्रूस बघून हसली. "अंकल, वसईचे का? माझी मम्मी पण सेम असाच बांधते."

जेराल्डच्या जिवात जीव आला. "हो ना! अगं, लाइन फ्रीझ झाली, म्हणून परवाच बायपास ओपन केला. एन्ट्री तेवढी राहिली."

"परवा?" ती वाकली आणि तिचं हसू गेलं. "वाळलेली झावळी अशी वळत नाही, अंकल, तुटते. ही हिरवी असताना बांधलीय, ओपन हँडलवर. म्हणजे पाम संडेपासून ओपन आहे."

जेराल्ड खाली बसला. त्याचा चेहरा मी डोळे भरून पाहिला.

त्याच दिवशी दोन्ही विहिरी बंद करण्याचा हुकूम निघाला. ओलेनाबाईंनी सही केली नाही. साहेब आता चौकशीला उभा आहे आणि जेराल्डची नोकरी गेली. वरून सांगितलं होतं, हे मलाही ठाऊक आहे. पण हात त्याचा होता.

मी सध्या पुरावा म्हणून सस्काटूनच्या एका सरकारी कपाटात आहे, दांड्यासकट, गाठीसकट. माझ्या जागी नवा मीटर बसला. त्याला कुणी माझा निरोप द्या : मालाला जप, आणि बर्फ पुसणाऱ्या हाताला भुलू नकोस.

परवा जेराल्ड कचेरीत आला होता. नोकरीचं बोललाच नाही. "क्रूस तेवढा दे गं. राखेचा बुधवार आलाय, परत द्यायला हवा."

"एव्हिडन्स आहे, अंकल. नाही देता येणार," सेलीन म्हणाली.

तो बराच वेळ कपाटापाशी उभा राहिला. मी आतून त्याचा एकेक श्वास मोजला.