हाकांना उत्तर न देणारा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहराच्या एका तळघरात मी उभा असतो. माझ्याकडे सतत हाका येतात, पण त्यांतली एकही माझ्यासाठी नसते.

एका टोळीने हजारो संगणकांत चोरून आपला हेर बसवला होता. तो हेर दर पाच मिनिटांनी टोळीच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावर विचारी, ‘काय हुकूम?’ टोळी फरार झाली. न्यायालयाने तो पत्ता तीन आठवड्यांपुरता संगणकांच्या सुरक्षेचे काम करणाऱ्या वीत्स्के होकस्ट्राबाईंच्या हवाली केला आणि बाईंनी तो मला जोडला. तेव्हापासून मी त्या पळालेल्या धन्याच्या जागी बसलो आहे. ऐकायचे, कोण बोलले ते टिपायचे आणि गप्प राहायचे, एवढेच माझे काम.

पहिल्याच दिवशी चाळीस हजार संगणकांनी हाक दिली. शाळा होत्या, बेकऱ्या होत्या, दवाखाने होते. मी एक शब्द जरी बोललो असतो, तरी त्यांच्यातले सारे हेर उठून कामाला लागले असते.

त्यांत एकाचे नाव होते ‘पंपघर तीन’. समुद्रसपाटीच्याही खाली वसलेल्या एका गावाचे पाणी तो उपसत असे. गाव कोणते, ते फक्त खेरलोफ काम करत त्या कंपनीला ठाऊक होते, कारण तिथली इंटरनेटची तार त्यांची होती. मुदतीला चार दिवस उरले, तेव्हा ते स्वतः आले, तेही बाईंनी मागितलेली नावे नाकारायला.

“नावं मिळायची नाहीत, वीत्स्के. गिऱ्हाईक आमचं आहे.”

“गिऱ्हाईक तुमचं, आणि पूर कुणाचा रे?”

“साहेबांना विचारावं लागेल.”

“विचार की. पाणी काही तुझ्या साहेबांना विचारून येणार नाही.”

“तू म्हणजे ना, घशात अडकलेला माशाचा काटा आहेस!”

“बस. कॉफी घे. बिस्किट एकच मिळेल.”

खेरलोफ माझ्यासमोर बसले. ‘पंपघर तीन’ने त्यांच्यादेखत तीनदा हुकूम विचारला. त्यांनी कोट काढला आणि तिथूनच फोन लावला.

“माझा पंप बोलतो?” पलीकडून पंपघराचा राखणदार हसला. “माझ्याशी तर नुसता खोकतो हो!”

संध्याकाळी तिथला हेर काढला गेला आणि ती हाक थांबली.

मग दर गुरुवारी अशा आठ इंटरनेट कंपन्यांची माणसे एका टेबलाशी बसू लागली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी ती माणसे हेर बसलेल्या संगणकांच्या याद्या वाटून घेत. सर्वांनी मिळून अर्ज केला आणि पत्ता कायमचा बाईंकडे आला. तो टिकवायला दर वर्षी एक सही मात्र लागायची. एकोणीस वर्षे बाईंनी हेच काम केले. त्यांना पदक मिळाले. पुढे त्या वारल्या. ‘आता कसला धोका?’ म्हणत टेबल रिकामे झाले. माझ्यावर धूळ बसली.

पण एकशे सहा हाका अजून येतात. एकाचे नाव आहे ‘आईचा संगणक’. ती आई कोण, आहे की गेली, कुणालाच सांगता येत नाही. बंद घरातून तो विचारत राहतो, ‘काय हुकूम?’

गेल्या वसंतात सही राहूनच गेली होती. मुदतीला दोन दिवस असताना खेरलोफ काठी टेकत आले आणि सही करून गेले. जाताना माझ्यावरची धूळ बाहीने पुसत म्हणाले, “पुढच्या वर्षी मी असेन की नाही, कोण जाणे.”

मित्रांनो, सही चुकली तर हा पत्ता कुणीही घेईल, आणि तो गप्प बसेलच असे नाही. जिथे काहीच बिघडत नाही, तिथे कुणीतरी राखण करत असते. त्याच्यानंतर कोण, हे वेळेवर विचारा. मला बोलता येते, पण गप्प राहणे हेच माझे काम आहे. म्हणून तुम्ही बोला.