गोकर्णाची पूड

छावणीतल्या फुलांच्या प्रदर्शनात पहिला नंबर आला, तर हरिभाऊंना मिळण्यासारखं पुष्कळ होतं. एक चांदीचा कप, गोऱ्या साहेबांच्या शेजारी वेताची खुर्ची, इंग्रजी पुस्तिकेत छापून येणारा दीड पानांचा परिचय. आणि या तिन्हींच्या जोरावर म्युनिसिपालिटीतली सरकारनियुक्त जागा, जिच्यासाठी ते पेन्शनीत निघाल्या दिवसापासून झुरत होते. पदरचं जाणार होतं ते एवढंच, पुतणीची एक दुपार. आणि ती तर घरचीच.

नीलाच्या लहानपणीच तिचे वडील वारले होते. काकांनी तिला वाढवलं, मॅट्रिकपर्यंत शिकवलं, आणि हे दोन्ही ते आल्यागेल्याला सांगत. ठळकवाडीतल्या त्या घरात इंग्रजी येणारी ती एकटीच. प्रदर्शनाच्या कमिटीनं स्पर्धकांकडून तीन गोष्टी मागवल्या होत्या: जीवन, शिक्षण आणि आवडती फुलं. काकांनी मराठीत सांगायचं, नीलानं इंग्रजीत उतरवायचं, असं ठरलं.

हरिभाऊ आरामखुर्चीत रेलले. निपाणीच्या तपकिरीची डबी उघडली, दोन नाकपुड्यांत दोन चिमटी कोंबल्या, आणि शिंकले. कागदावर तांबूस शिंतोडे उडाले. उपरण्याच्या टोकानं त्यांनी ते पुसले तसे ते आणखी पसरले. नीलानं तो कागद बोटांच्या टोकांनी उचलून बाजूला ठेवला आणि नवा घेतला.

"लिही," ते म्हणाले, "लहानपणापासूनच मला सुगंधाचं वेड."

चाळीस वर्षांच्या तपकिरीनं त्यांच्या नाकाचं नुसतं नळकांडं करून ठेवलं होतं. गुलाब आणि गोठा त्यांना सारखेच; दोन्हींचा वास येत नसे. पण नीलानं लिहिलं. जीवन सोपं होतं: जन्म सदलग्याचा, नोकरी चिकोडीच्या कचेरीत, निवृत्त झाले ते अव्वल कारकून म्हणून. शिक्षणापाशी मात्र गाडी अडली. 'पुण्यास वनस्पतिशास्त्राचा अभ्यास' असं काकांना हवं होतं. पुण्याला ते एकदाच गेले होते, मुलकी परीक्षेला, आणि नापास होऊन परत आले होते. तिथल्या एका सरकारी बागेच्या कुंपणाबाहेर उभं राहून त्यांनी शेंगा खाल्ल्या होत्या, हे त्यांनीच एकदा खुशीत असताना सांगितलं होतं. तोच हा अभ्यास.

खरं शिक्षण झालं ते साहेबाच्या दौऱ्यावर. कुठल्याही गावी मुक्काम पडला की हरिभाऊ संध्याकाळी फिरायला निघत, कुणाच्या परसात चांगलं झाड दिसलं की नुसते थांबत आणि बघत. मागत कधीच नसत. दुसऱ्या दिवशी ते झाड मुळांच्या मातीसकट त्यांच्या गाडीत येऊन पडे. संकेश्वरच्या एका विधवेचा मोगरा असाच आला होता. ती बाई गाडीमागून वेशीपर्यंत चालत आली आणि पाणी किती घालायचं ते सांगून माघारी फिरली. काका ही गोष्ट त्या बाईच्या भाबडेपणावर हसण्यासाठी सांगत.

आवडती फुलं विचारल्यावर ते म्हणाले, गुलाब. मागल्या वर्षी शेवंतीला बक्षीस होतं तेव्हा शेवंती आवडत होती.

शेवटी खताचा मुद्दा आला. कमिटीची अध्यक्षीण म्हणजे कर्नलसाहेबाची मडम. तिला खतांची फार हौस, म्हणून तो वेगळा विचारला होता.

"शेणखत," काका म्हणाले, "आणि गोकर्णाच्या शिंपल्यांची पूड. सगळं स्वतःच्या हातांनी घालतो, असंही लिही."

नीलाचा टाक थांबला. गेली सहा वर्षं ही पूड घरात गोकर्णाचीच होती. क्षेत्राच्या समुद्रावरची, तेव्हा सोवळ्याला बाधा नाही, म्हणून काकांची बायको, मनूकाकू, ती घातलेल्या गुलाबांचे हार करून रोज देवांना घालत. पण नीलाची खोली गोठ्याच्या बाजूला होती, आणि तिचं नाक शाबूत होतं.

पूड यायची स्टेशनामागच्या हाडांच्या वखारीतून. काकांच्याच सांगण्यावरून मेलेल्या गुरांची हाडं पोत्यात भरून भरमू माळी ती डोक्यावरून आणी. गोठ्यामागं खड्ड्यात भाजायचा, मग दगडावर कुटायचा. भाजताना चरबीचा जो वास सुटे, तो नीलाच्या उशीत, वेणीत, ताकात जाऊन बसे. कुटताना भरमू तोंडाला फडकं बांधी, तरी पूड त्याच्या भुवयांत, नखांत भरलेली असायची. घरात त्याला पाणी द्यायचं ते वरून, लांबून. त्याचं त्याला काही वाटत नसे. खरं दुखणं त्याच्या गावात होतं.

त्याचं गाव जांबोटीच्या पलीकडे, रानात. शेतकरी माणूस, घर जुनं, मानाचं. पण हाडं कुटतो हे गावात कळलं आणि जेवणावळीत त्याचं पान पंगतीपासून दोन हात सोडून मांडायला लागले. बायको नागुबाई पंगतीला जायचीच बंद झाली. सणाला घरी गेला की ती आधी त्याला ओढ्यावर पाठवी, राखेनं हात घासायला, आणि तो परत आला की बोटं हुंगून बघी.

म्हणून भरमूला एकच गोष्ट हवी होती. मडमेच्या बंगल्यावर हेडमाळ्याची जागा निघाली होती. मागं राहायला खोली, नागुबाईला आणता येणार. मालकाची चिठ्ठी मात्र पाहिजे. तो नीलाला म्हणाला होता, "तितं खत डब्यातनं येतंय म्हनं, आक्का. कुटाय लागत न्हाय. लई झालं की तेवडं."

त्यानं हरिभाऊंकडे चिठ्ठी मागितली, तर ते हसले होते. बाग माझी, तू पाणी घालणारा. तुला हेडमाळी म्हणून चिठ्ठी दिली तर मी कोण ठरतो? आणि पुढच्या वर्षीची पूड कुटायची कुणी?

नीलानं काकांकडे पाहिलं. मिशीच्या टोकाला तपकिरीचा थेंब लोंबत होता आणि ते डोळे मिटून 'स्वतःच्या हातांनी' हे शब्द पुन्हा घोळवत होते. तिला त्यांची किळस आली. याच घरच्या अन्नावर आपण वाढलो, हे आठवून आणखी आली. काकांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं: खत हाडांच्या पुडीचं, ती भरमू नावाचा आमचा माळी स्वतः भाजून कुटतो, गुलाबांची सगळी निगराणी त्याची. मग ते पान काकांना वाचून दाखवलं, मराठीत, शिंपल्यांसकट. त्यांनी मान डोलावली आणि खाली सही केली.

आपण फार हुशारी केली असं तिला वाटलं. मडम वाचणार, भरमूला बोलावणार. काकांचा कप काकांना, भरमूची खोली भरमूला. कुणाचंच काही जात नव्हतं.

प्रदर्शनाला तंबू ठोकला होता. पुढं साहेबलोक, त्यांच्या मागं गावातली प्रतिष्ठित मंडळी, त्यांत निम्मी हरिभाऊंच्या नात्यातली आणि पंगतीतली. बायका एका बाजूला. भरमू धुतलेलं मुंडासं बांधून कुंड्यांपाशी उभा होता. पहिला नंबर हरिभाऊंचाच आला. मडम उठली, पुस्तिका उघडली आणि आनंदानं भराभर बोलू लागली. दुभाष्याचं काम हायस्कुलातल्या श्रीपाद मास्तरांकडे होतं. सरळ माणूस, जे ऐकलं ते मोठ्यानं मराठीत सांगितलं.

"बाईसाहेब म्हणतात, त्यांच्या देशात त्यांचे वडील गुलाबांना अशीच हाडांची पूड घालत. इकडच्या उच्चवर्णीय गृहस्थांनी जनावरांची हाडं आपल्या बागेत वापरली, याचं त्यांना फार कौतुक वाटतं. ही हाडं कुटणारा माळी त्यांना बघायचा आहे."

हरिभाऊंच्या शेजारचे व्याही खुर्ची सरकवून हातभर लांब झाले. बायकांत मनूकाकूंनी नीलाचं मनगट धरलं. सहा वर्षांचे हार त्यांच्या डोळ्यांपुढून जात असणार.

हरिभाऊ उभे राहिले. कचेरीत तीस वर्षं काढलेला माणूस. कागद अंगावर आला की तो कुणाच्या अंगावर ढकलायचा, हे त्यांना झोपेतही जमलं असतं.

"मला यातलं काहीही ठाऊक नाही," ते म्हणाले. "मी शिंपल्यांचे पैसे देत होतो. या माणसानं माझ्या पाठीमागं माझ्या घरात हे पाप केलं. यानंच पुतणीला काहीतरी सांगितलं असेल, तिनं भोळेपणानं लिहिलं."

मास्तरांनी तेही इंग्रजीत सांगितलं, एक शब्द न गाळता. मडमेचा चेहरा बदलला. तिनं भरमूकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि पुस्तिका मिटली. मालकाला न सांगता त्याच्या जमिनीत भलतंच घालणारा नोकर तिला बंगल्यावर नको होता. गुलाब मात्र उत्तम होते. टाळ्या कमी पडल्या, पण पडल्या.

नीलाच्या तोंडात वाक्य तयार होतं: हाडं काकांनीच आणवली. इंग्रजीच, व्याकरणासकट. उभं राहायचं आणि म्हणायचं, एवढंच काम. सगळे तिच्याकडे बघतील, काका बघतील, संध्याकाळी त्याच घरात जेवायला बसायचं आहे, हे सगळं तिच्या मनात एका क्षणात येऊन गेलं आणि वाक्य गिळलं गेलं. काकांची किळस येण्यात एक सोय होती. ती दूर बसून करता येत होती. आता ती अंगाला येऊन चिकटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरमू गोठ्यामागं आपलं कांबळं गुंडाळत होता. त्याला काढून टाकल्याचं काकांनी रात्रीच गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं. नीला जवळ जाऊन उभी राहिली. त्यानं वर न बघता विचारलं,

"काय लिवलतासा, आक्का?"

तिनं सांगितलं. सगळं, शब्दाला शब्द.

भरमूनं कांबळ्याची घडी आवळली. "खरंच लिवलंसा की," तो म्हणाला. "मग माजं चुकलं कुटं?"

त्यानं कांबळं खांद्यावर टाकलं आणि तो स्टेशनामागच्या वखारीकडं नव्हे, गावाकडं, जांबोटीच्या वाटेला लागला.

आता कुणी काय भरलं ते. हरिभाऊंनी एक पळी पंचगव्य घेतलं आणि एक दुपार उपास काढला. व्याही आठ दिवसांत पुन्हा जेवायला आले. मनूकाकूंनी देव सात वेळा धुतले आणि त्यानंतर बागेतलं फूल देवाला वाहिलं नाही. नीलाला एक दिवस अन्न गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलं. उरलेलं सगळं भरमूनं भरलं. पूर्वी गावाला तो नुसता हाडं कुटणारा ठाऊक होता. आता ती चोरून कुटणारा म्हणून बातमी त्याच्या आधी जाऊन पोचली होती, आणि पुढच्या जेवणावळीत त्याचं पान मांडलंच नाही.